चार मेचा फोटो

सकाळी साडेसातला लॉरेन गॉडेट घराबाहेर पडली तेव्हा तिच्या काखेत एक जाडजूड फाईल होती आणि पर्समध्ये एक फोटो. फाईल नवऱ्याला या देशात ठेवण्यासाठी होती. फोटोचं काय करायचं ते तिने अजून ठरवलं नव्हतं. ठरवलं नव्हतं म्हणजे, पक्कं ठरवलं होतं. फक्त ती स्वतःशी कबूल करत नव्हती.

नवरा आधीच गाडीत जाऊन बसला होता. क्वाबेना अदोमाको, वय सेहेचाळीस, मूळचा घानातल्या कुमासीचा. इथे अमेरिकेत, वुस्टरमध्ये, सगळे त्याला बेन म्हणायचे. चर्चमधल्या कुणाचा तरी टाय मागून आणला होता, तो गळ्याला करकचून बसला होता आणि बेन मान ताठ करून समोर बघत होता.

"फाईल घेतलीस?" त्याने विचारलं.

"घेतली."

"माझा जुना पासपोर्ट?"

"सगळं घेतलंय, बेन. सगळं."

ते शेवटचं 'सगळं' तिने जरा जास्तच जोर देऊन म्हटलं. त्याने तिच्याकडे वळून पाहिलं, मग तिच्या मांडीवरच्या पर्सकडे पाहिलं आणि पुन्हा समोर बघायला लागला. लॉरेनच्या नजरेतून ते सुटलं नाही. बावीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई ती. रस्त्यावर एक डोळा ठेवून दुसऱ्याने आरशात मागच्या पन्नास पोरांवर नजर ठेवायची, कोण सीटखाली च्युइंगगम चिकटवतोय ते न वळता सांगायचं, हा तिचा हातखंडा. आणि अशा बाईच्या नाकाखाली तिच्या पहिल्या नवऱ्याने, रे नावाच्या, शेजारच्या गावात चार वर्षं दुसरा संसार थाटला होता. पडद्यांसकट, कुत्र्यासकट. गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. ज्या दिवशी तिला कळलं त्या दिवशी तिने कानाला खडा लावला: नवरा पुन्हा केला तरी पुन्हा आंधळी व्हायचं नाही.

म्हणून तीन आठवड्यांपूर्वी तिने बेनचं बायबल उघडलं. मुद्दाम नाही, स्टेपलर शोधत होती. आता स्टेपलर बायबलात कशाला असेल, असं कुणी विचारलं असतं तर तिच्याकडे उत्तर नव्हतं, पण विचारायला होतंच कोण. पानांच्या मध्ये फोटो होता. बेन त्यात उभा, एका खांद्यावरून घेतलेलं जाड रंगीबेरंगी वस्त्र पांघरून, असं तिने त्याला कधीच पाहिलं नव्हतं. शेजारी तसंच वस्त्र घेतलेला एक पांढऱ्या केसांचा म्हातारा. आणि मध्ये एक पोरगी. पंचविशीची असेल. पांढऱ्या लेसचा झगा, कानात सोनं, हातात ट्रे, ट्रेमध्ये जिनच्या दोन चौकोनी हिरव्या बाटल्या. सगळे दात दाखवून हसताहेत. मागे बेनच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं: लग्न, ४ मे.

लॉरेनचं आणि बेनचं लग्न झालं होतं वीस जूनला. शुक्रवारी, सिटी हॉलमध्ये, तिची बहीण डेनिस साक्षीदार, सात मिनिटांत आटोपलं होतं. म्हणजे त्याच्या आधी सात आठवडे हा माणूस नटूनथटून दुसऱ्या कुणाशी तरी लग्न करत होता.

तिने त्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि तयार उत्तरं देणाऱ्या माणसाबरोबर तिने अठरा वर्षं काढली होती. रेकडे तर प्रत्येक प्रश्नाला दोन उत्तरं असायची, हवं ते घ्या. डेनिसलाही तिने सांगितलं नाही. डेनिस पहिल्या दिवसापासून म्हणत होती, "ग्रीन कार्ड हातात पडू दे त्याच्या. मग चपला न्यायलासुद्धा परत यायचा नाही." रेच्या वेळेसारखी दुसऱ्यांदा डेनिस खरी ठरलेली बघण्यापेक्षा लॉरेनला विष परवडलं असतं. तिने फोटो पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला आणि ठरवलं, मुलाखतीत सरकारी बाईसमोर तो शपथ घेईल. तिथे काय बोलतो ते ऐकायचं. खोटं बोलला तर फोटो टेबलावर ठेवायचा, अर्ज मागे घ्यायचा आणि एकटीने घरी यायचं. नवरा पुढच्या विमानाने कुमासीला गेला तर जाऊ दे.

तीन आठवडे ती रोज तो फोटो काढून बघत होती. स्वयंपाकघरात, बसच्या डेपोत, बाथरूमचं दार लावून. उजवा खालचा कोपरा अंगठ्यात धरायचा आणि त्या पोरीचं तोंड बघत बसायचं. एवढं बघून झालं होतं की वाटेत भेटली असती तर लॉरेनने तिला हाक मारून थांबवलं असतं.

तासाभराचा रस्ता. मार्च महिना, कडेला काळपट पडलेल्या बर्फाचे ढीग. बेन मध्येच म्हणाला, "पापा आर्मां असते आज तर."

"असते तर काय?" लॉरेन म्हणाली. "म्हणाले असते, बघ, शेवटी कागदांपाशीच आला गाडा."

बेनने फाईल आपल्या मांडीवर ओढून घेतली.

आर्मां गॉडेट म्हणजे लॉरेनचे वडील. चाळीस वर्षं तारेच्या कारखान्यात, उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं मशीनला देऊन निवृत्त. शेवटची तीन वर्षं वृद्धाश्रमात. तिथेच ती बेनला भेटली. त्याच्या चर्चची मंडळी शनिवारी म्हाताऱ्यांसाठी गाणी म्हणायला यायची, आणि गाणं संपलं की हा मागे राहून ज्याला हवी त्याची दाढी करून द्यायचा. आर्मांची दाढी तो अशी करायचा की म्हातारा डोळे मिटून घ्यायचा. पण लग्नाचं नाव काढल्याबरोबर त्याच म्हाताऱ्याने जीभ सोडली. "वस्तरा चांगला चालवतो. पण तो कागदवाला आहे, लॉरेन. कागद झाले की तू कोण आणि तो कोण." लॉरेनने त्या रात्री बेनला बजावलं होतं, "माझ्या बापाकडे काही मागायला जायचं नाही. पहिल्या वेळी त्यांनीच माझा हात धरून रेच्या हातात दिला होता. ते पुरे झालं."

मग आला तो रविवार. ती नेहमीसारखी चारला गेली होती, घरी भाजलेला ॲपल पाय डब्यात घेऊन. डबा टेबलावर ठेवते न ठेवते तोच वडिलांनी विचारलं, "तो माणूस तुला हवाय का?" हवाय, ती म्हणाली. त्यांनी पुन्हा विचारलं. तेच शब्द, तोच आवाज. विसरले असतील म्हणून तिने पुन्हा सांगितलं, हवाय. तर त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. तिच्या डोळ्यांत रोखून बघत, अगदी सावकाश, जणू ती मतिमंद आहे. तेव्हा तिचा तोल गेला. "हवाय," ती ओरडली, "हवाय, आणि तुम्हाला लग्नाला बोलावणार नाहीये मी." आणि ॲपल पाय न कापताच निघून आली. बोलावलं नाहीच. पुढे ती दर रविवारी जात राहिली, त्यांना भरवत राहिली, पण लग्नाचा विषय दोघांनीही काढला नाही. जानेवारीत न्यूमोनियाने ते गेले. मरेपर्यंत त्यांना आपला नवरा मान्य नव्हता, ही गोष्ट तिला लागून राहिली होती. आता त्याहून वाईट वाटत होतं ते हे की म्हातारा बहुतेक बरोबर होता.

प्रतीक्षालयात जोडपीच जोडपी. सगळ्यांनी एकमेकांचे हात असे घट्ट धरलेले की खऱ्या नवराबायकोला संशय यावा. कोपऱ्यातली एक मुलगी आपल्या नवऱ्याची उजळणी घेत होती. "माझ्या आईचं मधलं नाव? चहात साखर किती? उशी कुठल्या रंगाची?" नवरा घामाघूम. बेन आणि लॉरेननेही हे सगळं घोकून ठेवलं होतं. फक्त त्यांचे हात एकमेकांत नव्हते. बेनचे फाईलवर होते, लॉरेनचे पर्सवर.

नाव पुकारलं गेलं. ऑफिसर टावारेस पन्नाशीची बाई होती, चष्मा साखळीने गळ्यात लटकलेला, टेबलावर खोकल्याच्या गोळ्यांचा डबा. तिने दोघांना उभं केलं, उजवा हात वर करायला लावला आणि खरं सांगण्याची शपथ दिली. बेनने हात खूपच उंच केला होता. शपथ संपल्यावरही तो क्षणभर तसाच राहिला.

"बसा. कुठे भेटलात?"

"वृद्धाश्रमात," बेन म्हणाला. "मी तिच्या वडिलांची दाढी करत होतो."

"नोकरी होती तिथे?"

"नाही. सेवा."

टावारेसने काहीतरी लिहिलं. "सकाळी आधी कोण उठतं?"

"मी," लॉरेन म्हणाली. "साडेचारला. बस असते."

"काल रात्री काय जेवलात?"

"हिने मॅकरोनी केली होती," बेन म्हणाला. "मी वरून आमची सुक्या मासळीची चटणी घातली."

"आणि सगळं घर वासाने भरलं," लॉरेनच्या तोंडून सवयीने निघून गेलं. टावारेस हसल्यासारखी झाली. सगळं सुरळीत चाललं होतं. लॉरेनला तेच सहन होत नव्हतं. किती सराईतपणे बोलतोय, ती मनात म्हणत होती. रेही असाच होता.

"लग्नाची तारीख?" टावारेसने बेनला विचारलं.

सगळ्यात सोपा प्रश्न. लॉरेनने श्वास रोखला, कारण तिच्या हिशेबाने तो आता 'वीस जून' म्हणणार होता आणि तेच त्याचं खोटं ठरणार होतं.

"चार मे," बेन म्हणाला.

टावारेसचं पेन थांबलं. तिने चष्मा डोळ्यांवर चढवला, समोरचा कागद पाहिला.

"पुन्हा सांगा."

बेन खुर्चीत पुढे सरकला. "म्हणजे... कागदावर वीस जून आहे."

"कागदावर?"

"कागदावर, हो. सिटी हॉलचं वीस जूनला." तो टायची गाठ सैल करू लागला. "शपथ घेतली होती. म्हणून खरी तारीख तोंडात आली."

यापेक्षा वाईट बोलताच आलं नसतं. टावारेस शांतपणे उठली, दार उघडलं. "मिस्टर अदोमाको, बाहेर बसा. बोलावीन मी."

दार लागलं. इतके दिवस तिने कल्पना केली होती की तो खोटं बोलताना पकडला जाईल. हा तर खरं बोलून पकडला गेला होता, आणि ते तिला जास्त झोंबलं. निदान लपवायचं तरी.

"मॅडम, चार मेला काय होतं?" टावारेसने विचारलं.

"मला माहीत नाही."

"तुम्ही हजर होता?"

"नाही."

"तुम्हाला काही सांगायचं असेल तर हीच वेळ आहे. नवरा बाहेर आहे. तुमच्यावर कुणाचं दडपण आहे का?"

लॉरेनने पर्स उघडली. चेन अडकली, तिने ती ओढली. फोटो काढून तिने टेबलावर ठेवला, पालथा, आणि बोटाने ती तारीख दाखवली. "तीन आठवड्यांपूर्वी सापडला. ही मुलगी कोण आहे ते त्याला विचारा."

टावारेसने फोटो उलटा केला. लॉरेनला वाटलं होतं ती त्या पोरीकडे बघेल. पण आयुष्यभर लोकांच्या लग्नाचे फोटो तपासून या बाईची नजर वेगळी झाली होती. ती मधली माणसं सोडून कडा बघत होती. खिडकी, भिंत, जमीन. मग तिने फोटो दिव्याखाली धरला आणि उजव्या खालच्या कोपऱ्यावर पेनाचं टोक ठेवलं.

"हा हात कुणाचा?"

"कुठला हात?"

"हा. इथे कुणीतरी बसलंय, फोटो काढणाऱ्याने कापलंय त्यांना. फक्त हात आलाय."

लॉरेन पुढे वाकली. रोज ज्या कोपऱ्यावर तिचा अंगठा असायचा, तिथे एक हात होता. म्हातारा, डागाळलेला. हातात औषध द्यायचा छोटासा प्लॅस्टिकचा पेला. पेला अंगठा आणि शेवटच्या दोन बोटांत धरलेला, कारण अंगठ्याजवळच्या दोन बोटांना पेरं नव्हती.

"मॅडम? ओळखता का?"

"माझे वडील," लॉरेन म्हणाली. "माझे वडील आहेत ते."

टावारेसने बेनला आत बोलावलं. टेबलावरचा फोटो त्याने पाहिला, आणि लॉरेनकडे न बघता खुर्चीवर बसला.

"हे काय आहे?"

"आमच्यात," तो सावकाश म्हणाला, "मुलीच्या घरच्यांकडे दारू घेऊन जातात. मुलाकडचे वडीलधारे जातात, बाटल्या पुढे ठेवतात, मुलगी मागतात. त्यांनी ती घेतली, प्यायली, की लग्न झालं. नंतर चर्च, कोर्ट, काय हवं ते करा. माझे वडील हयात नाहीत, म्हणून आमच्या मंडळींतले ओपानिन, म्हणजे वडीलधारे, अग्येमान आले होते. हे पांढऱ्या केसांचे. माझ्या बापाच्या जागी."

"आणि ही?"

"त्यांची भाची, एफुआ. ट्रे धरायला बायकांपैकी कुणीतरी लागतं. नर्सिंगला आहे. त्या दिवशी परीक्षेचा अभ्यास सोडून आली होती, अजून ऐकवते मला."

"तुमचं दुसऱ्या कुणाशी लग्न झालेलं आहे? इथे किंवा घानात?"

"नाही."

टावारेसने फोटोची प्रत काढून घेतली, मूळ फोटो लॉरेनकडे सरकवला. "कायद्याला वीस जून पुरतो. बाकीचं तुमचं घरचं आहे." मग तिने लॉरेनकडे निरखून पाहिलं. "निकाल टपालाने येईल. तोवर अर्ज तुमचा आहे, मॅडम. मागे घ्यावासा वाटला तर आत्ता सांगा, नाहीतर नंतर लिहून कळवलंत तरी चालेल."

"राहू दे सध्या," लॉरेन म्हणाली. त्या 'सध्या'वर बेनने मान खाली घातली.

दोघं गाडीपाशी आले. लॉरेन स्टिअरिंगमागे बसली, पण चावी फिरवली नाही. एक शंका फिटली होती आणि तिच्या जागी दुसरी येऊन बसली होती. चार महिने 'कागदवाला, कागदवाला' करणारा बाप एका दुपारीत कसा बदलेल? तो वृद्धाश्रमात महिनोन्महिने दारूसाठी तडफडत होता. एक पेला हातात द्यायचा, शेजारी उभं राहून फोटो काढायचा, की झालं लग्न.

"माझा बाप," ती म्हणाली, "एका बाटलीला विकला गेला?"

"दोन," बेन म्हणाला.

"थट्टा करू नकोस माझी."

"नाही करत." त्याने टाय काढून मांडीवर ठेवला, घडी घालू लागला.

"मी तुला बजावलं होतं, त्यांच्याकडे जायचं नाही."

"बजावलं होतंस. म्हणून तर लपवलं. तुझं म्हणणं मला कळतं, लॉरेन, तू काही कुणाची गाय नाहीस दावं हातात द्यायला. पण आमच्यात बाईच्या माणसांचं दार न ठोठावता तिला घेऊन जातो तो चोर. या देशात मी सहा वर्षं चोरासारखा राहिलोय. पोलिसांची गाडी दिसली की फुटपाथ बदलायचा. बायकोच्या बाबतीत तरी मला चोर व्हायचं नव्हतं."

लॉरेनने खिडकीबाहेर पाहिलं. शेजारच्या गाडीत ती उजळणीवाली जोडी होती. मुलगी रडत होती, नवरा तिची पाठ थोपटत होता. त्यांचं काय झालं असेल, कळायला मार्ग नव्हता.

"काय म्हणाले पपा?"

"आधी म्हणाले, निघा. ओपानिन म्हणाले, निघतो की, पण माझ्या गुडघ्यांना जरा बसू द्या. बसले. मग दोघं गुडघ्यांवर बोलले. अर्धा तास. मग कारखान्यावर. मग पापा आर्मां म्हणाले, हा पोरगा कागदांसाठी करतोय. ओपानिन म्हणाले, असेल. तुमची मुलगी कशासाठी करतेय ते तिला विचारलंत का?"

"पपा काय म्हणाले?"

"काठी जमिनीवर आपटत राहिले. मग ओपानिननी सांगितलं, आमच्यात बाटली उघडण्याआधी बाप मुलीला सगळ्यांसमोर विचारतो. तीनदा. पापा आर्मां म्हणाले, तीनदा कशाला, ती काय बहिरी आहे? ओपानिन म्हणाले, एकदा तर माणूस कशालाही हो म्हणतो."

लॉरेनने मान वळवली.

"म्हणाले, ठीक, येईलच ती चारला. मी विचारतो. पण तुम्ही इथे दिसलात तर ती माझं डोकं फोडेल. म्हणून आम्ही शेजारच्या प्रार्थनेच्या खोलीत जाऊन बसलो. मी, ओपानिन, एफुआ, बाटल्या. आवाज करायचा नाही म्हणून एफुआने ट्रे मांडीवर घट्ट धरून ठेवला होता."

लॉरेनने पर्समधून फोटो काढला. या वेळी तो वरच्या कडेला धरला. हाताच्या पलीकडे, टेबलाच्या टोकावर, फोटोच्या कडेने अर्धा छाटलेला एक उघडा डबा दिसत होता. बाजूला काढून ठेवलेल्या झाकणावर पांढरी चिकटपट्टी, पट्टीवर तिचं आडनाव. चर्चच्या पंगतीत डबे हरवतात म्हणून तिच्या आईने लावलेली सवय. आतला ॲपल पाय अजून अख्खा होता.

"ऐकलंत तुम्ही?" तिने विचारलं.

"भिंत पातळ होती. पहिले दोन जेमतेम ऐकू आले. तिसरा," बेन थोडा हसला, "तिसरा पार्किंगमध्येसुद्धा ऐकू गेला असेल. ओपानिन म्हणाले, बाई पक्की आहे. मग तू निघून गेलीस आणि पापा आर्मांनी काठीने भिंत ठोकली. आम्ही आत गेलो तर ते रडत होते. म्हणाले, तीनदा हो म्हणाली. ओता. पेले नव्हते, नर्सच्या ढकलगाडीवरून औषधाचे आणले. फोटोही त्या नर्सनेच काढला."

"तू मला का नाही सांगितलंस? नंतर तरी?"

"ते म्हणाले, मी सांगेन तिला. तिचा राग उतरू दे, मग मीच सांगेन." बेनने टायची घडी उलगडली आणि पुन्हा घातली. "तुझा राग काही उतरला नाही, आणि ते गेले. मग मला वाटलं, मेलेल्या माणसाचं नाव घेऊन सांगायला गेलो तर तू म्हणशील, सोयीचा साक्षीदार शोधला."

ती तसंच म्हणाली असती. तिला त्याबद्दल तिळमात्र शंका नव्हती.

"फोटो मी तीन आठवड्यांपूर्वी घेतला," ती म्हणाली.

"माहीत आहे. त्याच संध्याकाळी बायबल उघडलं होतं मी."

"मग बोलला का नाहीस?"

"वाट बघत होतो. तू विचारशील म्हणून. रोज वाटायचं, आज जेवताना विचारेल."

"मी तो त्या ऑफिसरला द्यायला आणला होता, बेन. तुला परत पाठवायला."

"तेही माहीत होतं," तो म्हणाला. "आज सकाळपासून तू पर्स एकदाही खाली ठेवली नाहीस."

आणि तरीही हा माणूस टाय बांधून गाडीत येऊन बसला होता, हात उंच करून शपथ घेतली होती आणि तारीख विचारल्यावर चार मे म्हणाला होता. लॉरेनला लाज वाटली. चेहरा, कान, मान, सगळं पेटलं. ती स्टिअरिंगवर कपाळ टेकून रडली, वडील गेले तेव्हा रडली नव्हती तेवढी. बेनने तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. तो अजून रागावलेला होता आणि ते त्याच्या हक्काचं होतं. पण तो उतरूनही गेला नाही. बसून राहिला.

बऱ्याच वेळाने तिने बाहीने तोंड पुसलं.

"त्यांनी मला विचारलं," ती म्हणाली, "आणि मी म्हटलं, तुम्हाला लग्नाला बोलावणार नाही. आणि नाहीच बोलावलं."

बेनने फोटो तिच्या हातातून घेतला, त्या कोपऱ्याकडे पाहिलं आणि काळजीपूर्वक फाईलमध्ये ठेवला, सगळ्यात वर.

"ते होते की लग्नाला," तो म्हणाला. "तूच अर्ध्यातून उठून गेलीस."